त्रिशलाची तबकडी

“या तबकडीत त्रिशला मावेल का गं?” आत्याबाईंनी विचारलं.

मी कोऱ्या सीडीच्या पाकिटावरचं प्लास्टिक नखानं सोडवत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कॉम्प्युटरच्या टेबलापाशी खाली बसून गवार मोडत होत्या. एरवी भाजी त्या स्वयंपाकघरातच निवडायच्या. त्या दुपारी सूप उचलून इकडे आल्या, तेव्हाच मला जरा नवल वाटलं होतं.

“येईल की,” मी म्हणाले. “लग्नाचे फोटो, बाळाचे फोटो, सगळे बसतात एका सीडीत.”

“फोटो नव्हेत. पत्रं.”

माझा हात थांबला. सकाळी घरातून निघताना मामंजींनी काय काय वाचवायचं ते मला सांगितलं होतं. फोटो घे, माझी जमिनीची आणि पेन्शनची कागदं घे, अभयच्या कॉलेजचं घे, भजनं घे. मेल राहू दे. मी म्हटलं होतं, “मामंजी, मेलला जागा फार लागत नाही.” चपला पायात सरकवत ते म्हणाले होते, “राहू दे म्हटलं ना. पत्रं वाचली, संपली.”

ही गोष्ट आता वीस वर्षांपूर्वीची. आम्ही सांगलीत राहत होतो. मे महिना होता. घरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता. काही उघडावं तर भलतंच उघडायचं, मधेच सगळं गोठायचं. दुरुस्तीवाल्यानं बघून सांगितलं की आतलं सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल, तेव्हा जे हवं असेल ते आधी काढून ठेवा. तो संध्याकाळी येणार होता. माझे यजमान अभय पेपर तपासायला पुण्याला गेले होते. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

घराचा मेलचा पत्ता एकच होता, चौगुले कुटुंबाच्या नावाचा. तो मामंजींनी काढलेला, त्याचा पासवर्डही त्यांच्याचकडे. दर रविवारी आंघोळ-पूजा आटोपून ते कॉम्प्युटरपुढे बसायचे, मेल उतरवून घ्यायचे आणि सगळ्यांना वाचून दाखवायचे. एकदा मेल उतरली की ती फक्त आमच्या कॉम्प्युटरवर राहायची, बाकी कुठेच नाही. कॅलगरीहून माझ्या नणंदेची, त्रिशलाची मेल असली की आत्याबाई हात पुसत दारात येऊन उभ्या राहायच्या. मामंजी वाचायचे, “सगळे ठीक आहोत. थंडी फार आहे. बाळ बरं आहे. सर्वांना नमस्कार.” आत्याबाई विचारायच्या, “इतकंच?” मामंजी म्हणायचे, “इतकंच.”

“आत्याबाई,” मी म्हणाले, “मामंजी म्हणालेत, मेल राहू दे.”

“ते काय म्हणाले ते मीपण ऐकलं. आत भांडी घासत होते म्हणून बहिरी झाले नव्हते.” त्यांनी शेंगेची शीर ओढली. “मी काय म्हणते ते तुला ऐकू आलं का?”

“आलं.”

“मग?”

मी त्या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. मामंजींचं सांगणं मोडायचा प्रसंग तोवर आला नव्हता, आणि आत्याबाईंनी माझ्याकडे काही मागायचाही आला नव्हता. मी खुर्ची उगीच पुढे ओढली, मागे सारली.

“पण तुम्हाला का हवीत? मामंजींनी वाचून तर दाखवलीत सगळी.”

“मागं एकदा मी इथं फडक्यानं पुसत होते. हे मागं न बघता वाचत होते. ते पान असं खाली, खाली, खाली सरकत होतं.” त्यांनी ओल्या बोटानं हवेत रेघ काढली. “एवढं लांब. आणि यांनी वाचल्या तीन ओळी. माझी पोरगी तीन ओळींत थांबणारी आहे होय? शाळेतून आली की दप्तर न काढता बोलायला लागायची. भात लागायचा खाली, तरी हिचं चालूच.”

“तुम्ही स्वतः का नाही वाचलं?”

“ते मराठी असतं का? म्हणजे असतं मराठीच. पण अक्षरं इंग्रजी. मी चार पोथ्या एका चातुर्मासात वाचते, उत्तरा. आणि माझ्या लेकीनं माझ्याच भाषेत लिहिलेलं मला लागत नाही. एक एक अक्षर लावून बघितलं, डोकं दुखायला लागलं.”

तेव्हा मराठी अक्षरं मेलमध्ये नीट उमटायची नाहीत. सगळे इंग्रजी अक्षरांतच लिहायचे. मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

“संध्याकाळी तो माणूस सगळं पुसणार,” आत्याबाई म्हणाल्या. “मग मला कुणी सांगायचं, ती काय म्हणत होती ते?”

मी सीडी आत सरकवली. मेलची फाइल कॉम्प्युटरच्या पार पोटात होती, एकात एक दडलेल्या फोल्डरांमध्ये. ती शोधून काढेपर्यंत मशीन दोनदा गोठलं. शेवटी सापडली. सीडीवर लिहायला सुरुवात झाली, निळी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली, आणि पंखा थांबला.

यूपीएस किंचाळायला लागला.

“आली वेळ मेल्यांची,” आत्याबाई म्हणाल्या. भारनियमनाचे ते दिवस होते. दुपारी वीज जायची हे ठरलेलं, पण त्या दिवशी ती आधीच गेली. यूपीएसची बॅटरी कधीच म्हातारी झाली होती. पट्टी अर्ध्यावर असतानाच पडदा काळा झाला. सीडी बाहेर काढून बघितली, तर ती वायाच गेली होती.

“गेलं का सगळं?”

“नाही, कॉम्प्युटरमध्ये आहे. सीडी गेली. दुसरी घालू. पण आता लाइट येईपर्यंत काही करता येत नाही.”

खोलीत उकाडा साचत चालला. मी खिडकी उघडली तर गरम झळ आत आली, म्हणून पुन्हा लावली. मामंजी मंदिराच्या ट्रस्टच्या सभेला गेले होते. सभा लांबली तर बरं, असं माझ्या मनात आलं. रस्त्यावर स्कूटर वाजली की आम्ही दोघीही दाराकडे बघायचो. आत्याबाईंची गवार कधीच संपली होती. त्या मोडलेल्या शेंगा सुपात इकडून तिकडे करत होत्या.

“तुझ्या आईनं तुला सांगितलंय का, पहिल्या बाळंतपणाला ये म्हणून?” त्यांनी एकदम विचारलं.

“अजून कशात काही नाही, आत्याबाई.”

“असेल तेव्हा. जाशील ना?”

“जाईन की. म्हणजे... आईकडेच जातात ना.”

“जातात. नाहीतर आईला बोलावतात. त्रिशलानं मला बोलावलं नाही.” त्या सुपाकडे बघत म्हणाल्या. “मी दिवाळीपासून तयारीला लागले होते. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. डिंक निवडून ठेवला, अळीव आणून ठेवले. म्हटलं, आता बोलावेल, मग बोलावेल. हे म्हणाले, तिची सासू जाणार आहे. म्हटलं, बरं. सासू तर सासू. पण एका शब्दानं विचारायचं तरी. ‘आई, तू येतेस का’ म्हणायचं. मी नसते गेले, सासूचा मान म्हणून. पण विचारायचं.”

“फोनवर कधी बोलला नाहीत?”

“काय बोलू? हे शेजारी बसलेले. मिनिटाला पैसे पडतात तिचे. ती विचारते, ‘कशी आहेस?’ मी म्हणते, ‘बरी आहे, तू?’ ती म्हणते, ‘बरी आहे.’ मग ऊन किती, थंडी किती. फोन ठेवून आत गेले की मला वाटायचं, ही माझीच का?”

ते फोन मी पाहिले होते. मला वाटायचं, आत्याबाईंचा स्वभावच अबोल आहे.

लाइट आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मी दुसरी सीडी घातली.

“आधी वाच,” आत्याबाई म्हणाल्या.

“आधी सीडी. मग वाचू.” नमुना आधी बाजूला काढून ठेवायचा, मग त्याला हात लावायचा, ही माझी प्रयोगशाळेतली सवय. आत्याबाई उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. पट्टी सरकत होती, थांबत होती. या वेळी ती शेवटपर्यंत गेली. सीडी बाहेर आली, गरम होती. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पदरानं धरली.

“यात आहे सगळी?”

“सगळी.”

“वाच.”

दुसऱ्याची पत्रं वाचायला माझी जीभ उचलत नव्हती. सुरुवातीच्या काही मेलमध्ये विशेष काही नव्हतं. नवं घर, बर्फ, भाजीच्या दुकानात मिळालेली मेथी, जावयांची नोकरी. पण त्या लांब होत्या, फार लांब. आत्याबाई मधे मधे हसत होत्या. “बघ, बघ, अशी बोलते ती.” मग नोव्हेंबरातली एक आली.

मी वाचलं. “अण्णा, हे आईला नीट वाचून दाखवा. आई, फेब्रुवारीत मला तू इथं हवीस. यांच्या आईंना व्हिसा मिळाला नाही. तिकीट आम्ही पाठवतो. सहा महिने राहा. मला भीती वाटते गं. इथं कुणी नाही. तू नुसती खुर्चीत बसून राहिलीस तरी चालेल.”

मी थांबले.

“आत्याबाई?”

“पुढचं वाच.”

पुढची मेल दहा-बारा दिवसांनंतरची होती. “अण्णा, तुमचं पत्र मिळालं. आईच्या गुडघ्यांचं वाचून फार वाईट वाटलं. इतकं दुखत असेल तर मी हट्ट करत नाही. डॉक्टर ऑपरेशनचं म्हणतात का? तिला जिना चढू देऊ नका.”

“कुणाचे गुडघे?” आत्याबाईंनी विचारलं.

“तुमचे.”

त्यांनी मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहिलं, जणू तिथं खरोखरच काही झालंय का ते तपासत होत्या.

“माझे?” त्या म्हणाल्या. “अगं, गेल्या साली शिखरजीचा अख्खा डोंगर मी पायी चढले आणि उतरले. डोलीत हे बसले होते!”

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. मी पुढची उघडली. ती बाळ झाल्यानंतरची होती. “आई, शेजारची एक पंजाबी बाई दोन दिवस डबा देऊन गेली. तिसऱ्या दिवसापासून मीच उठले. तुला यायला जमलं नाही याचा मला राग नाही, खरंच नाही. पण फोनवर तू परक्यासारखी बोलतेस. मी काही चुकले का? अण्णा, हे तिला वाचून दाखवा ना.”

आत्याबाई जमिनीवर बसल्या. हात न टेकता, सरळ. सीडी मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून तळवा फिरवत राहिल्या.

“पुढं आहे का अजून?”

“आहे.”

“आता नको.”

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. त्या वेळेला भाकरीचा वास घरभर असायचा. त्या दिवशी गॅस पेटलाच नव्हता. मामंजी आले ते दारातूनच म्हणाले, “अजून स्वयंपाक नाही? दिवस कलला की.” मग त्यांनी आम्हाला पाहिलं. मेल पडद्यावर तशीच उघडी होती. बंद करावी असं माझ्या मनात आलं, पण केली नाही.

“बसा,” आत्याबाई म्हणाल्या.

“काय झालं?”

“त्रिशलानं मला बोलावलं होतं.”

मामंजी फोनशेजारच्या त्यांच्या खुर्चीत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “उत्तरा, मी तुला काय सांगून गेलो होतो?”

“तिच्याकडे बघू नका. तिला मी करायला लावलं. माझ्याकडे बघा.”

“तुझ्या तब्येतीला...”

“काय झालंय माझ्या तब्येतीला?”

“विमानात एकटी बसणार तू? मधे उतरून दुसरं विमान. इंग्रजीचा एक शब्द येत नाही. कुठं चुकलीस तर? तिकडं बर्फ. पाय घसरला तर?”

“मग तसं लिहायचं. माझी बायको घसरेल म्हणून मला भीती वाटते, असं लिहायचं. माझे गुडघे कशाला मोडलेत?”

मामंजी पडद्यावरच्या मेलकडे बघू लागले.

“मी चार महिने त्या पोरीवर रुसून बसले,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “ती तिकडं ओली बाळंतीण, तिसऱ्या दिवशी उठून कामाला लागली. आणि मी इथं म्हणतेय, हिला आई नकोय. तुम्ही वाचून दाखवाल तेवढीच लेक मला होती, ओ. बाकीची तुम्ही कुठं ठेवलीत?”

“सहा महिने म्हणाली होती ती,” मामंजी म्हणाले.

“मग?”

“सहा महिने मी इथं काय करणार होतो?”

“उत्तरा आहे, अभय आहे. उपाशी ठेवलं असतं का त्यांनी?”

“जेवणाचं नाही म्हणत मी.” त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. “त्यांची त्यांची कामं असतात. सकाळी दोघं निघून जातात. मी उठून हाक कुणाला मारायची?”

मामंजी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. कालव्यावर माणसं त्यांच्या आवाजाला भ्यायची, असं अभय सांगायचे. त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी तिथून उठून जायला हवं होतं, पण दोघांच्या मधून वाट नव्हती.

आत्याबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्या काहीतरी मऊ बोलतील, असं मला वाटलं. त्या माझ्याकडे वळल्या.

“उत्तरा, लिही.”

“काय?”

“त्रिशलाला. मी सांगते तसं. आणि मला वाचून दाखव. सगळं.”

मी नवी मेल उघडली. त्या सांगत गेल्या, मी इंग्रजी अक्षरांत लिहीत गेले.

“त्रिशला, माझे गुडघे उत्तम आहेत. तुझं बोलावणं मला आज पोचलं. तुझं काही चुकलं नाही. फोनवर मी कोरडं बोलत होते, कारण मला वाटलं तू विचारलंच नाहीस. बाळंतपण होऊन गेलं, पण बाळ आहे, तू आहेस. मी येते. दुपटी शिवून ठेवली आहेत, आता ती लहान होतील, तरी आणते. कागद काय काय लागतात ते कळव. पत्रावर माझं नाव घाल, म्हणजे उत्तरा मला वाचून दाखवेल.”

“खाली काय लिहू? ‘आई-अण्णा’?” घरातून जाणाऱ्या मेलखाली नेहमी तेच असायचं.

“आई,” त्या म्हणाल्या. “नुसतं आई.”

मी पहिल्यापासून वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. “पाठव.”

पासवर्ड कॉम्प्युटरनं लक्षात ठेवलेला होता. मी कनेक्शन जोडलं. मोडेम खरखरला, शिट्ट्या मारल्या. तेव्हा इंटरनेट फोनच्याच तारेवरून चालायचं. मधेच कुणी रिसीव्हर उचलला की लाइन तुटायची. दर रविवारी मामंजीच बजावायचे, मेल चालू आहे, फोनला हात लावू नका. आता त्यांचा हात फोनवर होता. बसताना सहज ठेवलेला असेल, किंवा नसेल. बोटं रिसीव्हरच्या भोवती होती.

व्हायरसमुळे सगळं इतकं सावकाश चाललं होतं की एका छोट्या मेललाही वेळ लागत होता. मी पडद्याकडे बघायची, मग त्या हाताकडे. आत्याबाईंनाही तो दिसत होता. त्या जागेवरून हलल्या नाहीत.

मामंजींनी हात उचलून मांडीवर घेतला.

मेल गेली. मी तसं सांगितलं. आत्याबाईंनी सूप उचललं, सीडी त्यातच गवारीवर ठेवली आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. दिवस मावळायला अजून थोडा अवकाश होता.

“माझ्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस,” मामंजी मागून म्हणाले.

आत्याबाई दारात थांबल्या. “तुमचं तुम्ही लिहा.”

आतून गॅस पेटल्याचा आवाज आला. मामंजी बसूनच होते. मग उठले, माझ्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले. मी उठले. ते बसले, चष्मा पुसला, कोरी मेल उघडली आणि एका बोटानं त्रिशलाचं नाव लिहिलं. पुढे बराच वेळ काही नाही. मग ते आणखी एक अक्षर शोधू लागले.

बेल वाजली. दुरुस्तीवाला पाठीवर बॅग घेऊन उभा होता. “काढलं का, वहिनी, सगळं बाहेर? पुसायला घेऊ?”

“उद्या या,” मी म्हणाले. “आज कॉम्प्युटर मोकळा नाही.”